कुस्तीचा नवा व्हिडिओ गेम : खेळ चांगला, दुकान खटकते

‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२५’ हा गेम मार्च २०२५ मध्ये आला. हट्ट नातवंडांचा असतो, पण खिशात हात घालायची वेळ आपल्यावर येते, म्हणून सभासदांसाठी थोडी माहिती.

या मालिकेचा २०१९ चा भाग इतका सदोष निघाला की कंपनीने पुढच्या वर्षीचा भाग रद्दच केला. २०२२ पासून गाडी रुळावर आली. या भागात पकडीतून पकड घेत डाव टाकण्याचा जुना प्रकार, चेन रेसलिंग, परत आला आहे. पुरुष व स्त्री मल्लांची लढतही लावता येते. खेळणाऱ्यांना हे आवडले.

नाराजी आहे ती ‘द आयलंड’ या नव्या विभागावर. तिथे आपला मल्ल घडवायचा. पण त्याची ताकद आणि पोशाख वाढवायला ‘व्हीसी’ नावाचे आभासी चलन लागते. खेळून ते सावकाश मिळते, पैसे मोजले की लगेच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा व्यवहार विचित्रच वाटतो. रुपये देऊन व्हीसी मिळतात, व्हीसी देऊन रुपये कधीच नाहीत. म्हणजे भरणा आहे, पण पैसे काढायची खिडकी नाही! गेमची पूर्ण किंमत आधीच घेतल्यावर हे कशासाठी? खेळणाऱ्या तरुणांचीही हीच तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते.

गेम जरूर घेऊन द्या. मात्र कार्डाचा नंबर त्यात साठवू नका. प्लेस्टेशनवर मुलाच्या खात्याला महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते, ती शून्यही ठेवता येते.