लोकापवादाच्या छायेतील प्रेम

प्रेमाला विरोध झाला म्हणजे ते अधिकच बळावते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. नाटके, कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी ती इतकी रुजविली आहे की, ती तपासून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वडीलधाऱ्यांनी दार लावून घ्यावे आणि प्रेमिकांनी खिडकीतून निघून जावे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. ज्या तरुणतरुणींविषयी आज आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या बाबतीत ही समजूत कितपत टिकते ते पाहावयाचे आहे. ज्यांच्या मनाचा ओढा आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असतो ते समलिंगी, आणि ज्यांना स्त्री व पुरुष या दोहोंविषयीही प्रेम वाटू शकते ते उभयलैंगिक. अशी मुले आपल्या गावात आहेत, आपल्या आळीत आहेत, आणि श्रोत्यांपैकी काहींच्या घरातही आहेत, हे गृहीत धरूनच आम्ही बोलतो.

मुख्य विषयाला हात घालण्यापूर्वी एक शंका दूर केली पाहिजे. कारण ती हमखास विचारली जाते. हा आजार आहे काय? अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने तेच १९९० साली केले, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नसल्याचे जाहीर केले. तेव्हा औषधाचा प्रश्न मिटला. मात्र या मुलांत निराशा, चिंता आणि आत्महत्येचे विचार इतरांहून अधिक आढळतात, ही गोष्टही खरी आहे. आजार नाही, आणि तरी दुःख आहे. मग हे दुःख येते कोठून?

याचे उत्तर शोधताना आम्हांस एका जुन्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. ग्रीक भाषेत 'स्टिग्मा' म्हणजे गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर उठविलेली खूण. आपल्या मराठीतही 'डाग' आणि 'डागणे' हे सख्खे भाऊच आहेत. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने एक मार्मिक भेद केला आहे. काहींचा डाग उघड दिसतो. त्यांना लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. काहींचा डाग दिसत नाही. त्यांना नजरा सोसाव्या लागत नाहीत, पण आपल्याविषयीची प्रत्येक गोष्ट कोणाला सांगावी, कोणापासून लपवावी, कोठे अर्धवट बोलावे, याचा हिशेब अहोरात्र ठेवावा लागतो. समलिंगी तरुण बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढे इलान मायर या संशोधकाने २००३ साली या ताणाची सुसंगत मांडणी केली. प्रत्यक्ष छळ किंवा अपमान हा ताणाचा केवळ बाहेरचा थर. त्याच्या आत अपमान होईल ही सततची धास्ती, त्याच्याही आत लपविण्याचे श्रम, आणि सर्वांत आत लोकांचे मत स्वतःच खरे मानून स्वतःची वाटू लागलेली किळस. शेवटचा थर सर्वांत वाईट. कारण तेथे छळणारा कोणी उरलेला नसतो, आणि तरी छळ चालूच असतो.

आता हे चार थर प्रेमात कसे शिरतात ते पाहू. दोन माणसांचे प्रेम दोघांतच घडते असे आपण मानतो. वस्तुतः त्याच्या भोवती पुष्कळ माणसे उभी असतात. मित्र चिडवितात, बहीण चिठ्ठी पोचविते, वहिनी ओळखून गालांत हसते, मामा मध्यस्थी करतो. भांडण झाले तर समजूत घालणारे कोणी असते, आणि फिसकटलेच तर रडायला खांदा असतो. प्रेम कसे करावे, रुसवा कसा काढावा, नको असेल तेथे नाही कसे म्हणावे, हे सारे तरुण माणूस या गोतावळ्यात नकळत शिकतो. समलिंगी मुलाला ही शाळाच नाही. पहिले आकर्षण वाटते त्या वयात तो ते मनातल्या मनात पुरून टाकतो, आणि पंचविशीत, परगावी, नोकरीच्या निमित्ताने मोकळीक मिळाली म्हणजे इतरांनी सोळाव्या वर्षी गिरविलेला धडा गिरवू लागतो. त्यात झालेल्या चुका कोणाला सांगण्याची सोय नसते. प्रेमभंग झाला तर दुसऱ्या दिवशी कचेरीत हसतमुखाने जावे लागते; कारण जे नाते होते असेच कोणाला ठाऊक नाही, ते तुटल्याचे सुतक कसे धरणार?

दोघांपैकी एकाने घरी सांगितले आहे आणि दुसऱ्याने नाही, ही अशा जोडप्यांतील नेहमीची अडचण. पहिल्याला वाटते, याला माझी लाज वाटते. दुसऱ्याला वाटते, हा मला उघडे पाडणार. रस्त्यात ओळखीचे कोणी दिसताच हातातला हात झटकून काढला जातो. झटकणाऱ्याचा हेतू केवळ सावधगिरीचा असतो, पण ज्याचा हात झटकला गेला त्याच्या मनावर ओरखडा उठतोच. असे शंभर ओरखडे साठले म्हणजे एखाद्या क्षुल्लक कारणावरून मोठे भांडण होते, आणि खरे कारण दोघांच्याही ध्यानात येत नाही. उभयलैंगिकांची आणखी वेगळी कोंडी. सरळमार्गी म्हणविणारे त्यांना चंचल म्हणतात, आणि समलिंगी मंडळीही 'हा शेवटी लग्न करून मोकळा होणार' म्हणून विश्वास ठेवीत नाहीत.

चोरट्या प्रेमाची गोडी, आरंभी म्हटली तीच समजूत, येथे तपासता येते. जस्टिन लेहमिलर या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली लपविलेल्या प्रेमसंबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लपवाछपवीने नात्यातील बांधिलकी वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली, आणि प्रकृतीवरही त्याचा परिणाम आढळला. यात नवल वाटण्याचे कारण नाही. चोरून भेटण्यात चार दिवस मौज असते. चार वर्षे चोरून भेटावे लागले तर ती शिक्षा होते.

आमच्या मते या प्रश्नाचे सर्वांत दुःखद अंग मात्र निराळेच आहे, आणि ते खास आपल्याकडचे आहे. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला की स्थळे येऊ लागतात. आईच्या डोळ्यांत पाणी येते, आजीला नातसून पाहावयाची असते, आणि 'चार लोक काय म्हणतील' हा प्रश्न प्रत्येक पंगतीत वाढला जातो. मुलगा अखेर कांदेपोहे खाऊन होकार देतो. त्या दिवशी त्याच्या आवडत्या माणसाचे नाते तुटते, हे तर झालेच. पण त्याच दिवशी एका परक्या घरची, काहीही अपराध नसलेली मुलगी या गुपितात ओढली जाते. आपल्यात काय उणे आहे, असे ती वर्षानुवर्षे आरशाला विचारीत राहते. मुलगी समलिंगी असेल तर तिला होकार देण्याइतकेही स्वातंत्र्य पुष्कळदा नसते. लोकापवादापायी संसार कसा उद्ध्वस्त होतो हे रामकथेच्या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. मात्र येथे लोकांचे तोंड बंद ठेवण्यासाठी संसार मोडला जात नाही, तर मांडला जातो. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' या नाटकात एका तरुणीचे हे एकाकीपण मराठी रंगभूमीवर आणले, त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्यातही वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांसाठी गावी आलेल्या तरुणाभोवती लग्नाची तीच कुजबुज चालू आहे.

न्यायालयांपुढे आलेल्या प्रकरणांपैकी एक येथे मुद्दाम सांगतो. मदुराईच्या दोन तरुणी, एक बावीस वर्षांची व दुसरी वीस वर्षांची, घर सोडून चेन्नईस आल्या. आईबापांनी मुली हरवल्याच्या तक्रारी पोलिसांत दिल्या. मुली संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि आईबापांना समुपदेशकाकडे पाठविले. आईबापांशी बोलताना जे निघाले ते विचार करण्यासारखे आहे. त्यांना मुलींचा द्वेष वाटत नव्हता. समाजात होणाऱ्या बदनामीची आणि कुटुंबाला तिची जी किंमत मोजावी लागेल तिची धास्ती त्यांना अधिक होती. मुलींनी जन्मभर अविवाहित राहिलेले पत्करले, असेही त्यांचे म्हणणे पडले. म्हणजे डाग मुलींना लागतो असे आपण समजतो, पण पोळतात आईबापही. आणखी विशेष असे की, हा विषय आपणांस पुरता उमगलेला नाही असे न्यायमूर्तींनी उघडपणे लिहिले, आणि स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला. ७ जून २०२१ रोजी त्यांनी निकाल दिला. पोलिसांनी अशा जोडप्यांना त्रास देऊ नये, आणि उपचाराच्या नावाखाली कोणाचे आकर्षण बदलण्याचा प्रयत्न करण्यास मनाई असावी, असे त्यांनी सांगितले. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

आईबापांचा उल्लेख निघाला म्हणून एक आकडा देतो. केटलिन रायन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ज्या समलिंगी व उभयलैंगिक तरुणांना घरच्यांनी किशोरवयात कठोरपणे झिडकारले होते, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण घरी फारसा धिक्कार न सोसलेल्यांच्या ८.४ पट आढळले. देश परका असेल, पण घरातून निघालेला शब्द सर्वत्र सारखाच लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर चित्र विनाकारण काळे होईल. शिकागो शहरातील सुमारे अडीचशे तरुणांचा पाच वर्षे मागोवा घेऊन सारा व्हिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली निष्कर्ष मांडले. समलिंगी तरुण प्रेमसंबंधात असत त्या काळात त्यांचे मानसिक क्लेश कमी असत. बाहेर होणाऱ्या छळाचा घावही त्या काळात सौम्य होई. म्हणजे समाजाचा डाग ज्या प्रेमाला पोखरतो, तेच प्रेम त्या डागावर लेपही घालते. उभयलैंगिकांत मात्र असे दिसले नाही. प्रेमात असताना त्यांचा ताण वाढलेला आढळला. वर सांगितलेली दुहेरी कोंडी पाहता हे समजण्याजोगे आहे.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सौम्य केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा उभे केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द केले. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारली. काही सभागृहांत आम्हांस विचारतात, 'गुन्हा नाही एवढे झाले, लग्नाचा हट्ट कशाला?' लग्न म्हणजे दोन घरांनी आणि गावाने नात्याला दिलेली साक्ष. भाड्याच्या खोलीसाठी घरमालकापुढे 'चुलतभाऊ' म्हणून उभे राहावे लागणाऱ्याला त्या साक्षीची किंमत विचारावी. रुग्णालयात सही कोणाची चालेल, हा प्रश्न तर मध्यरात्रीच उभा राहतो.

ही साक्ष आता तुकड्यातुकड्यांनी मिळू लागली आहे. अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडता येईल आणि एकाच शिधापत्रिकेवर नावे लावता येतील, असा खुलासा केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला मोकळे केले, आणि कुटुंब केवळ विवाहानेच उभे राहते असे नाही, असे निकालपत्रात नमूद केले. त्या तरुणीची सुटका मागण्यासाठी न्यायालयात अर्ज केला होता तो तिच्या मैत्रिणीने.