छापील रविवर्मा पुरेसे नाहीत

राजा रविवर्मांची चित्रं मराठी घरांना माहीत आहेत ती मुख्यतः छापील रूपात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याची ती पुण्याई. तरीही बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयासाठी एक दिवस काढावाच, असं माझं ठाम मत आहे. सयाजीराव गायकवाडांनी करवून घेतलेली मूळ तैलचित्रं तिथं आहेत. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, त्यामुळे तैलरंगाच्या थरांतून उमटणारी त्वचेची कांती, जरीची झळाळी छापात ढोबळ होते. फोनवर चित्र मोठं करून बघता येतंच की, असं कुणी म्हणेल. तपशील दिसतो, हे खरं. पण चित्राचा मूळ आकार आणि आपण बाजूला सरकताच रंगांवर बदलणारा उजेड पडद्यावर येत नाही.