अपूर्णविराम एकच पडला, सूचना बुडाली

घरात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदत असल्या की एक गंमत पोरांना फार लवकर कळते. मराठीतला हत्ती डुलत चालतो आणि कन्नडमधली ‘हत्ति’ वातीला लागते, म्हणजे कापूस! उच्चार जवळपास तोच, पण माणूस कुठल्या भाषेत बोलतोय हे कळलं नाही तर घोटाळा. गेली काही वर्षं मी सवडीनं ‘पायथन’ या संगणकभाषेच्या माहितीपानांतल्या मांडणीच्या चुका दुरुस्त करते. तिथं या ‘हत्ती’ची आठवण वारंवार येते.

पायथन ही गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढं आणलेली भाषा. आपली मुलं कॉलेजात शिकतात तीच. तिची माहितीपानं कुणीही फुकट वाचावीत, आणि चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती सुचवावी, अशी सोय आहे. पूर्वी ही पानं ‘लेटेक’मध्ये लिहीत. २००७ साली गेऑर्ग ब्रांडल यांच्या पुढाकारानं ती ‘रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ या साध्या लिखाणपद्धतीत आणली गेली, आणि त्यातून पानं तयार करणारं ‘स्फिंक्स’ हे साधन २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं.

आता हत्ती कुठं आला ते सांगते. कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली, एक तिरकी बारीक रेघ असते. तिला बॅकटिक म्हणतात. ‘मार्कडाउन’ या दुसऱ्या लिखाणपद्धतीत शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक दिली की तो शब्द संगणकाचा आदेश म्हणून वेगळ्या ठशात उमटतो. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये त्यासाठी दोन-दोन लागतात. एकच दिली तर शब्द नुसता तिरपा होतो. लिहिणाऱ्याच्या हाताला मार्कडाउनची सवय, आणि पान दुसऱ्याच पद्धतीचं.

तिरपा शब्द निदान दिसतो तरी. अपूर्णविरामाची चूक त्याहून वाईट. ‘सावधान’ अशी चौकट हवी असेल तर सुरुवातीला दोन टिंबं, मग त्या चौकटीचं नाव आणि त्यापुढं दोन अपूर्णविराम द्यायचे. एकच पडला तर स्फिंक्स त्या ओळीला आणि तिच्याखाली आत सरकवलेल्या मजकुराला लेखकाची खासगी टीप समजतं आणि पानावर उमटवतच नाही. सगळी चौकट गायब! ‘हे वापरू नका, माहिती पुसली जाईल’ असा इशारा मूळ फाइलीत शाबूत असतो, पण वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मुद्रणदोष डोळ्याला खुपतो तरी. न छापलेलं कुणाला खुपणार?

पायथनच्या पानांसाठी आता ‘स्फिंक्स-लिंट’ नावाची चाळणी आहे, ती असल्या चुका दारातच अडवते. तरी काही निसटतं. यादीच्या आधी एक मोकळी ओळ सोडायची राहिली की चार मुद्दे एकाच परिच्छेदात चिकटतात, ताऱ्यांच्या खुणांसकट. आणि जिथं चाळणीच नाही तिथं विचारूच नका.

आमच्या शेजारची मुलगी, घरी कन्नड बोलणारी, एका शिकवणीच्या नोंदी घेऊन आली. “मावशी, एनिदु?” उदाहरण जसंच्या तसं उतरवलं होतं, पण पायथन ‘अवैध अक्षर’ म्हणून नाकारत होता. त्या नोंदी स्फिंक्सवरच बनवलेल्या. लिहिणाऱ्यानं उदाहरणाला आदेशाची खूण केली नव्हती, म्हणून स्फिंक्सनं ते साधं वाक्य समजून सरळ अवतरणचिन्हं सुबक वळणदार करून टाकली. वाचायला छान, पायथनला निरुपयोगी. अशा ठिकाणी इंग्रजी माध्यमाचा सरावलेला विद्यार्थी अंदाजानं पुढं जातो. जी मुलगी तिसऱ्या भाषेत वाचतेय तिला वाटतं आपलंच डोकं कमी. मला याचाच राग येतो.

दुरुस्ती करणं अवघड नाही. पायथनच्या पानाच्या कडेला मूळ मजकूर दाखवणारा दुवा असतो. तो उघडावा, चूक खरंच तिथं आहे का ते पाहावं, तेवढीच बदलावी आणि तपासणाऱ्याची वाट पाहावी. उत्साहाच्या भरात शंभर ठिकाणी हात घालणारे नवशिके मला पटत नाहीत, आणि त्याला कारण आहे. ही पानं जपानी, फ्रेंच, कोरियन अशा भाषांत परिच्छेदागणिक अनुवादित होतात. मूळ इंग्रजी परिच्छेदात एक बॅकटिक जरी बदलली तरी त्याच्या अनुवादावर ‘पुन्हा तपासा’ असा शिक्का बसतो, आणि अनुवादकानं पाहून तो काढेपर्यंत जपानी पानावर तेवढा परिच्छेद इंग्रजीतच दिसत राहतो. म्हणून इशारा बुडाला असेल तर मी लगेच दुरुस्ती पाठवते. नुसता शब्द तिरपा दिसत असेल, तर त्या परिच्छेदात दुसरं काही काम निघेपर्यंत थांबते.