चढाई, पकड आणि बाकावरचे पाच



गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड व कबड्डीचे सामने आलेच. यंदा अशाच एका यात्रेत आम्ही कबड्डीचा अंतिम सामना पाहायला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर पुढच्या वर्षी तिथे आम्हाला प्रसादसुद्धा मिळायचा नाही.

शेवटची दोन मिनिटे उरली होती. यजमान गावाचा संघ २७-२४ असा पुढे. मैदानात त्यांचे ५ गडी उभे, समोरही ५. हलगीवाले हलगी शेकून तयार बसले होते. आणि दोन मिनिटांनी पाहतो तर फलकावर २७-३१! तीन गुणांनी पुढे असलेले गाव चार गुणांनी हरले. हलगीवाले मुकाट्याने घरी गेले.

हे झाले कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. गावाचा पहिल्या नंबरचा चढाईपटू चढाईला गेला. निदान रेषा ओलांडून परत आला असता तरी चालले असते. अर्धा मिनिट सरला असता, आघाडी तशीच राहिली असती. पण पब्लिकने आरोळी ठोकली आणि गडी आत शिरला. पकडला गेला. २७-२५. इकडे चार उरले, तिकडे एक गडी उठला. पुढच्या चढाईत इकडच्या कोपऱ्यावरच्या गड्याने साखळी सोडून एकट्यानेच घोट्याला हात घातला. तो निसटला, मदतीला धावलेलाही बाद झाला. २७-२७, मागे दोन. मग दुसऱ्या फळीतले पोरगे चढाईला गेले. समोर सातही गडी उठलेले, त्याचा काय निभाव लागणार? २७-२८. उरलेला एकटा गडी पुढच्या चढाईत बाद झाला, आणि लोणाचे दोन गुण वर बसले. २७-३१.

सामना सुटल्यावर मंडपामागे जे ऐकले ते खेळापेक्षा वाईट होते. चढाईवाला म्हणे, "मी एकट्यानं निम्मं गुण आणलं. ह्यांनी घालवलं." कोपऱ्यावरचा म्हणे, "तू आत मरायला गेलास कशाला? आम्ही काय रोज तुझं निस्तरायचं?" दुसऱ्या दिवशी कानावर आले की पकडीचे तिघेजण वेगळा संघ काढणार. दहा वर्षे एका तालमीत वाढलेली पोरं, तीही आपल्याच सभासदांची. आम्हाला चैन पडेना. म्हणून पूर्वी जिल्ह्यासाठी खेळलेल्या एका वयस्कर सभासदाला सोबत घेऊन आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. त्यांनी कुणाला रागावले नाही. गुणपत्रिका मागवली, मातीत काडीने मैदान आखले आणि पोरांना भोवती बसवले.

ते म्हणाले, "आपल्या बाजूचं आंगण किती? साडेसहा मीटर लांब, आणि झटापट होईस्तोवर आठ मीटर रुंद. म्हणजे बावन्न चौरस मीटर. जेमतेम अर्धा गुंठा. सात गडी असतील तर एकेकाच्या वाट्याला साडेसात चौरस मीटरसुद्धा येत नाही. चार राहिले की प्रत्येकाच्या वाट्याला तेरा. आता सांगा, राखण कुणाची अवघड झाली, आणि ती कुणी केली?"

चढाईवाल्याने मान खाली घातली. पण म्हाताऱ्याने त्याला तिथेच सोडले नाही. कोपऱ्यावरच्या गड्याकडे वळून म्हणाले, "आणि तू शहाणा. तुला घाई कशाची होती? तिघं किंवा त्याहून कमी राहिल्यावर केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो. नियमच सांगतो की थोडे असाल तर धीर धरा. तू धीरही सोडलास आणि साखळीही."

इथे खेळाचा मूळ कायदा समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे हुतुतू म्हणून हा खेळ चालायचा तेव्हा त्याचे तीन प्रकार होते. 'अमर' प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, नुसता गुण मोजला जाई. 'गामिनी'त बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. 'संजीवनी'त मात्र समोरचा गडी बाद केला की आपला बाद गडी उठतो. आजची कबड्डी या संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे. चढाईपटूने समोरचे दोन गडी टिपले तर गुण दोन मिळतात, आणि आपले दोन पकडपटू मैदानात परत येतात, तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. उलट पकडपटूंनी एक गडी धरला तर बाहेर बसलेला आपला चढाईपटू उठू शकतो. म्हणजे चढाईवाला पकडवाल्यांना जिवंत करतो आणि पकडवाले चढाईवाल्याला. फक्त बोनसच्या गुणाने कुणी उठत नाही. गुण मिळतो, पण घर भरत नाही. बोनसच्या मागे धावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता तिसरे अंग. सात गडी खेळतात, पण बाकावर पाच राखीव असतात आणि त्यांच्याजवळ प्रशिक्षक असतो. प्रत्येक डावात अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन टाइम आउट मिळतात, गडी बदलता येतो. म्हाताऱ्याने बाकावरच्या पोरांना विचारले, "दोन मिनिटं राहिली हे कुणी ओरडून सांगितलं का?" कुणीच सांगितले नव्हते. "टाइम आउट शिल्लक होता का?" एक होता. तो तसाच राहिला. बाकावरचे पाचजण घोषणा देण्यात दंग होते. "मग हरलं कोण? चढाई हरली, पकड हरली, आणि तुम्ही पाच बसल्या जागी हरलात."

हे सगळे गावच्या खेळापुरतेच आहे, मोठ्या संघांचे वेगळे असते, असे कुणी म्हणेल. म्हणून एक मोठा दाखला देतो. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषक झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले. सामन्याचा बराच वेळ पुढे असलेला आपला संघ शेवटच्या काही मिनिटांत घसरला. पुढे २२ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात इराणशी गाठ पडली. मध्यंतराला इराण १८-१३ असा पुढे होता. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर पाच गुणांची पिछाडी. पण अनुपकुमारच्या त्या संघात मंडपामागची भांडणे झाली नाहीत. दुसऱ्या डावात भारताने २५ गुण घेतले आणि इराणला फक्त ११ दिले. सामना ३८-२९ असा जिंकला.

अजय ठाकूरच्या चढायांचे तेव्हा देशभर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. त्याने १२ गुण आणले. पण हिशेब करा. ३८ मधले १२ त्याचे, उरलेले २६ बाकीच्यांचे. आणि पहिल्या डावात १८ गुण देणाऱ्या संघाने दुसऱ्या डावात ११च दिले, हे काम राखणीचे. राखण घट्ट झाली म्हणून चढाईवाला मैदानात टिकला, चढाईवाला टिकला म्हणून राखणीला माणसे पुरली. यात आधी कोण आणि मागून कोण, हे सांगणे कठीण आहे.

याउलट, १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांत ओळीने सात सुवर्णपदके मिळवणारा भारतीय पुरुष संघ २०१८ साली जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला. नामांकित चढाईपटूंनी भरलेल्या संघाला १८च गुण मिळाले. नुसती नावे मोठी असून भागत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच इराणला ३३-२९ असे हरवून आपण सुवर्ण परत आणले, तेव्हा कुठे देशाचा जीव भांड्यात पडला.

सभासद बंधूंनो, आम्ही खेळाची गोष्ट सांगितली, पण आपणा सर्वांना ती दुसरीकडेही लागू पडताना दिसली असेल. फडात तोडणीची टोळी, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, इकडे गव्हाण. तुटलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही की वजन घटते आणि उताराही घटतो. मग टोळी वाहनवाल्याला बोल लावते, वाहनवाला वजनकाट्याला आणि सभासद सगळ्यांना. पण घटलेला उतारा कुणा एकाच्या खात्यावर पडत नाही, सगळ्यांच्याच भावात उतरतो.

त्या गावचे पुढे काय झाले, हे विचाराल. वेगळा संघ निघाला नाही. परवा संध्याकाळी पाणी पाजून परत येताना आम्ही तिकडून गेलो, तर सराव चालू होता. पहिल्या नंबरचा चढाईपटू साखळीत उभा होता, कोपऱ्यावरच्या गड्याचा हात हातात धरून. आणि बाकावर बसलेले एक बारके पोरगे मोठ्याने ओरडत होते, "दोन मिनिटं राहिली रं, दोन मिनिटं!"