गारठलेल्या हृदयातली वीज

पौषातल्या थंडीत अजिंठा-सिल्लोडच्या शिवारात गव्हाला पाणी द्यायचं आणि लाईट नेमकी रात्रीची. भिजल्या अंगाने दारं धरताना माणूस गारठायला बर्फ लागत नाही. दहा अंशांची थंडी आणि वारा पुरे. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

हृदयाची वीज हृदयातच तयार होते. उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या, पेशींच्या छोट्या पुंजक्यातून ती मिनिटाला 60 ते 100 वेळा उठते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे भारित कण पेशीच्या पडद्यातल्या दारांतून आत-बाहेर करतात. थंडीत ही दारं सावकाश उघडतात, सावकाश मिटतात. सुरुवातीला हुडहुडीमुळे नाडी जलद चालते, मग मंदावत जाते. नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन इथे फारसं लागू पडत नाही, कारण मंदपणा त्या पेशींतच असतो.

ईसीजीवर सगळी अंतरं लांबतात. 32 अंशांच्या आसपास क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा टोकदार भाग, संपता संपता एक उंचवटा दिसू लागतो. जॉन ऑसबॉर्न यांनी 1953 मध्ये गारठवलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्याचं वर्णन केलं, म्हणून ती ऑसबॉर्न लाट. जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांतली विजेची तफावत थंडीत वाढते, तीच इथे उमटते. यंत्र कधी कधी याला हार्ट अटॅक समजतं. रुग्णाचं तापमान न घेता असा कागद वाचूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

28 अंशांखाली खरा घात असतो. जवनिका नुसती थरथरते, रक्त पुढे जात नाही. झटक्याने उचलणंही याला निमित्त होऊ शकतं. 30 अंशांखाली विजेचा शॉक देऊनही ठोका टिकेलच असं नाही. छाती दाबत राहून ऊब द्यावी लागते.

ऊब देतानाही जोखीम असते. सियाचीनमध्ये 3 फेब्रुवारी 2016 रोजी दहा जवान हिमाखाली गाडले गेले. सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांतलेच. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. गारठलेल्या भागांत रक्त पुन्हा वाहू लागल्याने गुंतागुंत होईल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. 11 फेब्रुवारीला ते गेले.

बांधावर कुणी असा गारठलेला सापडला तर त्याला चालवू नका, हातपाय चोळू नका. आडवंच ठेवून ओले कपडे कापून काढा, कोरडी घोंगडी गुंडाळा, छातीला ऊब द्या, 108 ला फोन करा. नाडी अतिशय मंद असू शकते. मिनिटभर तरी चाचपा.