‘काही नाही गं’

विस्कॉन्सिनमधल्या एका हॉस्पिटलात मी नर्स आहे. लेकीकडे आलेल्या एक काकू पायात रक्ताची गुठळी झाली म्हणून आमच्या वॉर्डात होत्या. हेपॅरिनचं ड्रिप चालू होतं. सुरुवातीला दर सहा तासांनी रक्त तपासून आम्ही त्याचा वेग ठरवत होतो. दर फेरीला मी विचारी, “काकू, कुठे रक्त दिसलं?” उत्तर ठरलेलं, “काही नाही गं.”

तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरलं. जावई कॉफी आणायला गेले, तेव्हा मी पुन्हा विचारलं. काकू हळूच म्हणाल्या, “कालपासून शौचाला काळं होतंय. जावयांसमोर कसं सांगू?”

डांबरासारखं काळं शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो. तसंच निघालं. ड्रिप लगेच थांबवलं, एन्डोस्कोपी झाली, काकू बचावल्या.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध आमच्याच राज्यातलं. कुजलेलं गवत खाऊन इथली गुरं रक्तस्रावाने मरत. त्या शोधातून ते निघालं. १९४८ मध्ये उंदरांसाठी आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी. तारणारं आणि मारणारं औषध एकच, फरक मात्रेचा आणि लक्ष ठेवण्याचा.

त्यातलं अर्धं लक्ष रुग्णानेच ठेवायचं असतं. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, काळं शौच, उगाच उठलेले काळे-निळे डाग, अचानक डोकेदुखी, पडणं, सगळं लगेच सांगायचं. आई-बाबांना इंग्रजी जमत नसेल तर हॉस्पिटलकडे दुभाषी मागा, आणि तेवढा वेळ आपण खोलीबाहेर थांबा.