कॅनडात पहिले घर घेण्यापूर्वी

गावकुसाबाहेर राहिलेल्यांच्या नातवंडांना स्वतःच्या घराचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणूनच कॅनडाला गेलेले आपले तरुण आम्हाला विचारतात, "इथे घर घेता येईल का?"

तिथल्या शहरी भागांत परदेशी नागरिकांच्या घरखरेदीवर २०२३ पासून बंदी आहे. मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत. पीआर मिळालेल्यांना ती लागू नाही. वर्क परमिट किमान १८३ दिवस शिल्लक असेल, तर एक घर घेता येते.

किमतीतील पहिल्या ५ लाख डॉलरवर किमान ५ टक्के रक्कम स्वतःची लागते. भारतातला सिबिल स्कोअर तिथे सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून क्रेडिट कार्डचे बिल वेळेवर भरा. गावचे घर मात्र घाईने गहाण टाकू नका.